दोरी, साप आणि ल्युपस

आजचा विषय आम्ही कळवला तेव्हा संयोजकांनी फोन करून खात्री करून घेतली. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, आणि विषय ल्युपस नावाच्या आजाराचा इतिहास! त्यांची शंका रास्त होती. आम्ही डॉक्टर आहोत, पण पीएच.डी.चे. आमच्या चिठ्ठीवर कुठलाही औषधवाला गोळी देणार नाही, आणि देऊही नये. तेव्हा व्याख्यानानंतर कृपया कोणी रिपोर्टची फाईल पुढे करू नका.

हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो. वर्गात 'स्व' ही संकल्पना शिकवताना आमचं एक उदाहरण ठरलेलं होतं. आम्ही म्हणायचो, स्व आणि पर हा भेद केवळ तत्त्वज्ञांनी उभा केलेला नाही, तो शरीरालाही कळतो; आणि ज्याच्या शरीराला तो कळेनासा होतो त्याचं शरीर स्वतःशीच द्रोह करतं, त्याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. 'द्रोह' या शब्दावर आम्ही जरा थांबायचोही. वाक्य चांगलं वठायचं. एका वर्षी तास संपल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "सर, मला ल्युपस आहे. तीन वर्षं झाली. मी काही स्वतःशी द्रोह केलेला नाही. मग मला नेमकं झालंय काय?" आम्ही त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पुढे लाज वाटली म्हणून वाचायला बसलो. त्या वाचनातलं थोडंसं आज तुमच्यापुढे ठेवतो.

आजार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सांधे दुखतात, अंगात बारीक ताप राहतो, थकवा असा की उठवत नाही. उन्हात गेलं की त्वचा लाल होते. काहींच्या नाकावर आणि दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा लाल पट्टा उमटतो. आणि हा आजार मूत्रपिंडापर्यंत, हृदयाच्या आवरणापर्यंत, मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया, त्यातही बहुतेक ऐन तारुण्यातल्या.

'ल्युपस' म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहरा कुरतडत जाणाऱ्या जखमांना मध्ययुगीन युरोपात हे नाव पडले, आणि त्या एका नावाखाली भलतेसलते रोग एकत्र नांदत होते. त्यात मोठा वाटा होता त्वचेच्या क्षयाचा. पॅरिसमध्ये बिएट आणि त्यांचे शिष्य काझनाव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यातून 'लाल चट्ट्यांचा ल्युपस' वेगळा काढला. १८७२ साली व्हिएन्नाच्या कापोसी यांनी दाखवून दिले की हा नुसता कातडीचा रोग नाही. ताप, सांधे, फुप्फुसे सगळे त्यात येते आणि माणूस दगावू शकतो. नावातला गोंधळ किती महाग पडू शकतो बघा: १९०३ चे वैद्यकाचे नोबेल डेन्मार्कच्या फिन्सेन यांना मिळाले ते क्षयाच्या ल्युपसवर प्रखर प्रकाशाचा उपचार शोधल्याबद्दल. आणि आपण ज्या ल्युपसबद्दल बोलतोय त्याला प्रकाश म्हणजे वैरी! नाव एक, आणि एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष.

पण लाल चट्ट्यांचा ल्युपस वेगळा ओळखता आला तरी तो होतो कशाने, हे कोणाला सांगता येत नव्हते. कशाने, याचे उत्तर मिळायला जो उशीर झाला, त्याची गोष्ट फ्रँकफर्टच्या बोकडांपासून सुरू होते.

१९०० च्या आसपास पाउल एर्लिख आणि त्यांचे सहकारी मॉर्गेनरोट यांनी एका बोकडाचे रक्त दुसऱ्याला टोचून पाहिले. ज्याला टोचले त्याच्या रक्तात प्रतिपिंड तयार झाले, म्हणजे आपण अँटिबॉडी म्हणतो ते. दुसऱ्या बोकडाच्या रक्तपेशी ते फोडत. पण ज्या बोकडाच्या अंगात ते तयार झाले त्याच्या स्वतःच्या पेशींना ते शिवतसुद्धा नव्हते. पुन्हा पुन्हा प्रयोग केला, निष्कर्ष तोच. एर्लिख यांनी १९०१ साली त्याला एक लॅटिन नाव दिले: 'हॉरर ऑटोटॉक्सिकस', म्हणजे स्वतःला विषारी ठरण्याची शरीराला असलेली धास्ती.

आता इथे आम्हाला एर्लिख यांची बाजू घ्यायची आहे, कारण पुष्कळ पुस्तकांत त्यांच्यावर अन्याय होतो. 'शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंड बनवूच शकत नाही' असे ते म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते की असे प्रतिपिंड अपाय करू नयेत म्हणून शरीरात काहीतरी नियमन असले पाहिजे, आणि ते काय आहे हे शोधले पाहिजे. म्हणजे तो एक प्रश्न होता. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्याचा नियम केला. आमच्या क्षेत्रात हे नेहमीचंच आहे. गुरूने शंका मांडावी आणि शिष्यांनी तिचं सूत्र करून पाठ करावं.

विरुद्ध पुरावा नव्हता असे नाही. १९०४ साली व्हिएन्नात डोनाट आणि लँडस्टायनर यांनी एका विचित्र आजाराचा उलगडा केला. थंडी लागली की काही माणसांना लालकाळी लघवी होई. या माणसांच्या रक्तातले प्रतिपिंड थंडीत त्यांच्याच रक्तपेशींना चिकटतात, आणि अंग पुन्हा उबदार झाले की त्या पेशी फुटतात, हे त्यांनी नळीत करून दाखवले. स्वतःचे प्रतिपिंड, स्वतःच्याच पेशी, आणि उघडउघड रोग. पण हा एक चमत्कारिक अपवाद म्हणून बाजूला ठेवला गेला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे या दिशेने फारसे कोणी गेले नाही. ल्युपसचे रुग्ण या काळात होतेच. त्यांच्यासाठी कोणी क्षयाचे जंतू शोधत होते, कोणी आणखी कसले.

मग १९४८ साल. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ज अस्थिमज्जेचे नमुने तपासत होते. ल्युपसच्या रुग्णांच्या मज्जेत त्यांना एक पांढरी पेशी दिसली, जिने दुसऱ्या एका पेशीचे केंद्रक अख्खेच्या अख्खे गिळले होते. तिला 'एल. ई. पेशी' नाव पडले. पुढच्याच वर्षी हॅसरिक यांनी रुग्णाच्या रक्तातला द्रव निरोगी माणसाच्या मज्जेत मिसळला, आणि तिथेही तशाच पेशी तयार झाल्या. म्हणजे गडबड पेशीत नव्हती, रक्तात विरघळलेल्या कशात तरी होती. १९५७ च्या सुमारास पॅरिस, स्वित्झर्लंड, न्यूयॉर्क अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रयोगशाळा एकाच उत्तराशी पोहोचल्या: ते 'काहीतरी' म्हणजे रुग्णाचे प्रतिपिंड, आणि ते चिकटतात पेशीच्या केंद्रकाला, त्यातल्या डीएनएला. आज ल्युपसचा संशय आला की जी 'ए. एन. ए.' तपासणी सांगतात तिचं मूळ इथे आहे.

एक माणूस आम्हाला या प्रकरणात फार आवडतो, विटेब्स्की. एर्लिख यांच्या शिष्याचा हा शिष्य, जर्मनीतून अमेरिकेत आलेला, बफेलोला प्राध्यापक. त्यांचे तरुण सहकारी नोएल रोझ यांनी सशांना त्यांच्याच थायरॉइडचा अंश टोचून पाहिला, तर सशांनी त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवले आणि त्यांची थायरॉइड सुजून खराब झाली. आजोबागुरूचा सिद्धांत नातवाच्याच प्रयोगशाळेत मोडला. विटेब्स्कींनी लगेच विश्वास ठेवला नाही, प्रयोग पुन्हा पुन्हा करायला लावले, आणि पटल्यावर १९५६ मध्ये स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना थायरॉइडच्या रुग्णांतही तेच सापडले. दार उघडले ते असे.

हे सगळं चाललेलं असताना मेलबर्नमध्ये बसून मॅकफार्लेन बर्नेट एक मोठा सिद्धांत रचत होते. 'सेल्फ' आणि 'नॉट-सेल्फ' हे शब्द १९४९ साली त्यांनी आणि फेनर यांनी या शास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक प्रतिकारपेशी एकाच आकाराचे प्रतिपिंड बनवते, अशा असंख्य पेशी जन्मापूर्वीच तयार असतात, त्यांतल्या ज्या स्वतःच्याच शरीराशी जुळतात त्या तेव्हाच नष्ट केल्या जातात, उरलेल्यांपैकी जिला बाहेरचा शत्रू भेटतो ती वाढते. स्वतःशी जुळणारी एखादी 'निषिद्ध' पेशी चुकून वाचली, की ऑटोइम्यून आजार. १९६० चे नोबेल बर्नेट आणि मेडावर यांना मिळाले. सिद्धांत देखणा आहे आणि त्याचा पाया अजून टिकून आहे.

पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तो फारच आवडला, आणि तिथे आमची फसगत झाली. शरीरात आधीच ठरलेला, पक्का, सीमा आखलेला एक 'स्व' आहे, त्याच्या वेशीवर पहारा आहे, आणि रोग म्हणजे पहारेकऱ्यांमधली फितुरी. सगळी भाषा सैन्याची. आल्फ्रेड टाउबर नावाच्या वैद्य-तत्त्वज्ञाने १९९४ साली एक अख्खा ग्रंथ याच प्रश्नावर लिहिला, की हा प्रतिकारशक्तीचा 'स्व' सिद्धांत आहे की नुसतं रूपक? आमचं वर्गातलं द्रोहाचं वाक्य त्याच रूपकाचं पिल्लू होतं. आणि वस्तुस्थिती काय? २००३ साली न्यूयॉर्कच्या नुसेनझ्वाइग यांच्या प्रयोगशाळेने निरोगी माणसांच्या मज्जेतल्या अगदी कोवळ्या बी-पेशी तपासल्या. प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या घराण्यातल्या त्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्वतःच्याच शरीरातल्या कशाला ना कशाला चिकटणाऱ्या निघाल्या! पुढे त्यांतल्या बहुसंख्य गाळल्या जातात किंवा शांत केल्या जातात. म्हणजे 'निषिद्ध' पेशी हा दुर्मिळ अपघात नाही, तुमच्याआमच्या हाडांत या क्षणाला त्या जन्माला येतायत. प्रश्न त्यांच्या जन्माचा नाही, त्या कधी आणि कशाने चेकाळतात याचा आहे. एर्लिख यांनी विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा समोर आला.

आता जनुकांकडे येऊ. आमच्या त्या विद्यार्थिनीचे वडील एकदा आम्हाला भेटायला आले होते. बोलणं अभ्यासावर सुरू झालं आणि मग त्यांनी मनातलं काढलं. "सर, हे रक्तातनं येतं का हो? धाकटीचं जमत आलं होतं. त्यांना कुठनं तरी थोरलीचं कळलं, आणि त्यांनी नकार कळवला." मित्रहो, जनुकशास्त्राचा इतिहास आपल्याकडे असा दारात येऊन उभा राहतो. तेव्हा या प्रश्नावर जरा रेंगाळू.

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन गावी मारिआन बिएलशोव्स्की या संशोधिकेने उंदरांची एक काळी जात पैदा केली होती. १९५९ साली लक्षात आले की हे काळे उंदीर स्वतःच्याच रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंड बनवतात. मग त्यांचा संकर पांढऱ्या जातीशी केला. पांढरे उंदीर चांगले धडधाकट. काळ्यांना रक्ताचा तो विकार, पण मूत्रपिंडे बऱ्यापैकी. आणि दोघांच्या पिल्लांना? अस्सल ल्युपस, मूत्रपिंडे निकामी करणारा, माणसासारखा. माद्यांना लवकर, नरांना उशिरा. मग हा रोग कुणाच्या 'रक्तात' होता? काळ्यांच्या की पांढऱ्यांच्या? कुणाच्याच नाही. दोन्हींच्या मिळणीत होता. आमच्या न्यायदर्शनात याला नेमका शब्द आहे: कारणसामग्री. एकेकटे कारण काही घडवत नाही, सगळी सामग्री एकत्र आली तरच कार्य होते. नुसत्या मातीने घडा होत नाही.

माणसातही तेच. २००८ पासून हजारो रुग्णांच्या जनुकांची निरोगी माणसांशी तुलना करणारे मोठे अभ्यास झाले. आजवर शंभराहून अधिक जागा सापडल्यात, जिथला किंचितसा फरक ल्युपसची शक्यता थोडीशी वाढवतो. सहाव्या गुणसूत्रावरचा एच. एल. ए. हा भाग त्यात ठळक. पण यातले बहुतेक फरक निरोगी माणसांतही भरपूर सापडतात. तुमच्यातही दहावीस असतीलच. आणि सगळी जनुके सारखी असली तर? एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्यांचा अमेरिकेतला एक अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकीला ल्युपस असेल तर दुसरीला असण्याचे प्रमाण निघाले सुमारे २४ टक्के. साध्या जुळ्या भावंडांत ते फक्त २ टक्के. पहिला आकडा सांगतो की जनुकांना महत्त्व आहे. पण तोच आकडा हेही सांगतो, की हुबेहूब तीच जनुके असलेल्या चौघींपैकी तिघींना रोग होत नाही.

आम्ही त्या गृहस्थांना हे जमेल तसं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "सर, हे तुम्ही मला सांगताय. त्यांना कोण सांगणार?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

काही थोड्या कुटुंबांत मात्र एकच जनुक बिघडलेले असते आणि तेवढ्यानेही रोग होतो. असे रुग्ण अत्यंत विरळ, पण त्यांनी शास्त्राला जे शिकवले ते बाकी सगळ्यांनी मिळून शिकवले नसेल. रक्तात 'सी-१-क्यू' नावाचे एक प्रथिन असते. कॉम्प्लिमेंट नावाच्या जंतुनाशक यंत्रणेचा हा पहिला दुवा. ज्यांच्यात ते जन्मतःच नसते अशा दहांपैकी नऊहून अधिक जणांना ल्युपस किंवा तसाच आजार होतो. आता हे जुन्या चित्रात बसत नाही बघा. शस्त्र कमी पडलं तर हल्ला कमी व्हायला हवा; इथे शस्त्र नाही म्हणून स्वतःवर हल्ला! १९९८ साली लंडनमध्ये मरीना बोटो, वॉलपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले आणि उलगडा झाला. त्या उंदरांच्या मूत्रपिंडांत मेलेल्या पेशींचे अवशेष साचून राहिले होते. सी-१-क्यूचे एक काम झाडलोटीचे होते.

आपल्या अंगात रोज अब्जावधी पेशी मरतात. मरण्याची त्यांची एक शिस्त असते. त्या आवळतात, त्यांचे तुकडे पडतात, आणि सफाईवाल्या पेशी ते तुकडे गुपचूप गिळून टाकतात. बोभाटा होत नाही. १९९४ साली बाल्टिमोरमध्ये कासिओला-रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेच्या पेशींवर अतिनील किरण टाकून त्यांना मरताना पाहिले. ल्युपसचे प्रतिपिंड केंद्रकातल्या ज्या ज्या वस्तूंना चिकटतात, त्या नेमक्या मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर आलेल्या फोडांत गोळा झाल्या होत्या. ऊन लागलं की रोग का उसळतो, याचा एक धागा असा हाती लागला. आत दडलेली वस्तू उन्हाने बाहेर आणली, आणि सफाई वेळेवर झाली नाही.

ठीक आहे, कचरा साचला. पण कचऱ्यावर प्रतिकारशक्तीने एवढं भडकायचं कारण काय? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरच्या भाष्याची सुरुवातच अध्यासाच्या विवेचनाने केली आहे, म्हणजे एकावर दुसऱ्याचा भास. वेदान्तात त्याचा ठरलेला दाखला दोरीचा आणि सापाचा. संधिप्रकाशात वाटेत दोरी पडलेली असते, माणसाला साप दिसतो. त्याला घाम फुटतो, तो ओरडतो, काठी हाणतो. आता यात दोरीचा काही अपराध नाही. माणूस वेडाही नाही. साप असता तर त्याची कृती शहाणपणाची ठरली असती. चूक घडायला तीन गोष्टी लागतात: दोरी सापासारखी असावी, उजेड कमी असावा, आणि मनात सापाची भीती असावी.

ल्युपसमध्ये साप म्हणजे विषाणू. विषाणू म्हणजे तरी काय, प्रथिनाच्या पिशवीत गुंडाळलेला डीएनए किंवा आरएनए. आणि आपल्या पेशीतही डीएनए, आरएनएच असतात. सादृश्य पुरेपूर! मग पेशीने ओळखायचं कसं? बव्हंशी जागेवरून. विषाणूचा डीएनए, आरएनए ओळखणारे काही संवेदक, टीएलआर-७ आणि टीएलआर-९, हे पेशीच्या आतल्या छोट्या पिशव्यांत बसवलेले असतात, जिथे बाहेरून गिळलेला माल येतो. आपला डीएनए केंद्रकात बंद. तो त्या पिशवीत यायचं कारणच नाही. पण सफाई रखडली, मेलेल्या पेशीचे तुकडे रक्तात हिंडू लागले, त्यांना प्रतिपिंड चिकटले आणि ते गाठोडे पेशीने गिळले, की आपलाच डीएनए भलत्या खोलीत जाऊन पोहोचतो. संवेदक म्हणतो, साप! पेशी इंटरफेरॉन सोडते. इंटरफेरॉन हा विषाणूविरुद्धचा धोक्याचा भोंगा. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी तो शोधला. ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात तो वाढलेला असतो हे १९७९ साली दिसले. दुसऱ्या आजारांसाठी औषध म्हणून इंटरफेरॉन दिलेल्या काहींना तर त्यातून ल्युपस झाला. भोंगा वाजला की बी-पेशी उत्तेजित होतात, आणखी प्रतिपिंड, आणखी गाठोडी, आणखी भोंगा. चाक फिरत राहते.

२०२२ साली कारोला विनुएसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या एका मुलीची हकिगत 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिला सातव्या वर्षीच तीव्र ल्युपस झाला होता. तिच्या टीएलआर-७ च्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला, आणि त्या बदलाने संवेदक जास्तच हळवा झाला होता. तोच बदल उंदरात केला, तर उंदरांना ल्युपस. उजेड नेहमीचा, दोरीही नेहमीची, सापाची भीती तेवढी वाढलेली. हे जनुक आहे एक्स गुणसूत्रावर. स्त्रियांत एक्स दोन असतात. एक सहसा मिटवलेला असतो, पण २०१८ मध्ये फ्रान्समध्ये दिसून आले की काही पेशींत टीएलआर-७ हे जनुक मिटलेल्या प्रतीवरूनही काम करते. आणि ज्या पुरुषांत जन्मतः एक जादा एक्स असतो, त्यांना ल्युपस होण्याची शक्यता इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट आढळली आहे. दहांत नऊ स्त्रिया का, याचं उत्तर नाजूकपणात, मनःस्थितीत, काळजी करण्याच्या स्वभावात शोधणारे डॉक्टर आणि नातेवाईक दोन्ही आम्ही पाहिले आहेत. त्यांनी ही चार वाक्यं ऐकावीत.

मघाचा तो संवेदक ज्या पिशवीत बसतो तिथली आम्लता हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने कमी होते, आणि संवेदकाचा आरडाओरडा कमी होण्याचं ते एक कारण मानतात. मलेरियाची ही गोळी ल्युपसचं नेहमीचं औषध आहे. तिची पूर्वज क्विनाईन. लंडनच्या पेन यांनी १८९४ सालीच ती ल्युपसवर देऊन पाहिली होती, का ते ठाऊक नसताना. कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत याच गोळीसाठी आमची ती विद्यार्थिनी चार दुकानं हिंडली. "ज्यांना गरज नाही त्यांनी डबे भरून ठेवलेत सर," एवढंच म्हणाली.

जाता जाता एक गोष्ट सांगायची राहून जाईल. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये टॅन आणि कुंकेल यांना ल्युपसच्या एका रुग्णाच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड सापडला. त्याला रुग्णाच्या आडनावातली दोन अक्षरे घेऊन 'एस-एम' म्हणतात. पुढे येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि त्यांचा विद्यार्थी लर्नर यांनी असेच प्रतिपिंड गळासारखे वापरून पेशीतून काही सूक्ष्म आरएनए-कण ओढून काढले. जनुकाच्या प्रतीतला नको तो मजकूर कापून उरलेला जोडण्याचे काम हे कण करतात. तुमच्याआमच्या प्रत्येक पेशीत चाललेल्या या कामाचा उलगडा ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तामुळे सोपा झाला. ज्याला आम्ही वर्गात बेधडक 'चूक' म्हणत होतो, ती इतकी अचूक होती.

शेवटचा मुद्दा, मग प्रश्नोत्तरे. १९५५ साली बाल्टिमोरच्या एका पाहणीत निदानानंतर चार वर्षांनी निम्मेच रुग्ण हयात होते. आज चांगले उपचार मिळणारे बहुतांश रुग्ण दीर्घकाळ जगतात, तरी औषधं सुटत नाहीत. २०२१ मध्ये जर्मनीत एर्लांगेनला शेट यांच्या गटाने तीव्र ल्युपस असलेल्या, विशीतल्या एका मुलीवर कर्करोगासाठी निघालेला कार-टी उपचार केला. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना बी-पेशी ओळखायला शिकवून, परत सोडायच्या. २०२२ साली अशा पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. बी-पेशी सगळ्या नाहीशा झाल्या, आणि सरासरी साडेतीन महिन्यांनी मज्जेतून नव्या, कोऱ्या बी-पेशी आल्या. आम्ही हा भाग तीनदा वाचला. जनुके तीच होती. सहावे गुणसूत्र तेच, एक्स तेच. तरी नव्या पेशींनी जुना वैरभाव धरला नाही. जेवढा काळ पाहिले तेवढ्यात पाचांपैकी कोणालाही ल्युपसची औषधे लागली नाहीत. पाच रुग्ण म्हणजे फार थोडे, त्यानंतरचे आकडेही अजून लहान आहेत, उपचार धोक्याचा आणि प्रचंड खर्चाचा आहे. कोणी उद्या उठून त्यासाठी शेत विकायला काढू नये.

हा लेख आम्ही त्या मुलीला पाठवला. आता ती स्वतः एका महाविद्यालयात शिकवते. तिचं उत्तर आलं, "वाचला सर. सही करायला पुढच्या महिन्यात मूत्रपिंडाच्या रिपोर्टची वाट बघतेय. आणि हो, धाकटीचं ठरलं. या वेळी आधीच सगळं सांगितलं होतं." कसली सही, ते तिने लिहिलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चला, आता तुम्ही विचारा.